पस्तीस क्रमांकाची जर्सी: निक डेकॉसची जडणघडण

(पडद्यावर: मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, सामना सुरू होण्याआधीची संध्याकाळ)

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव मराठी घरांत डिसेंबरच्या पहाटे, बॉक्सिंग डे कसोटीच्या निमित्ताने घेतले जाते. २०२० साली ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या भारतीय संघाला अजिंक्य रहाणेने याच मैदानावर ११२ धावांची खेळी करून मालिकेत परत आणले, ते अनेकांना आठवत असेल. उन्हाळा सरला की इथली खेळपट्टी उचलून बाजूला नेली जाते आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत या हिरवळीवर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे राज्य असते. हा खेळ मेलबर्नने स्वतःसाठी घडवला आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये एका पत्रातून सुचवले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची तब्येत टिकून राहावी म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, आणि पुढच्याच वर्षी या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरले.

आज आपण ज्याच्या वाटचालीकडे पाहणार आहोत, तो निक डेकॉस याच शहरात वाढला आणि कॉलिंगवूडकडून, म्हणजे मेलबर्नमधल्या सर्वांत मोठ्या चाहतावर्गाच्या क्लबांपैकी एका क्लबाकडून, मधल्या फळीत खेळतो. त्याचा जन्म ३ जानेवारी २००३ चा. २०२५ चा हंगाम संपला तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलाच्या नावावर एक विजेतेपद आणि राष्ट्रीय सर्वोत्तम संघातल्या तीन निवडी जमा झाल्या होत्या.

त्याचे मोल कळण्यासाठी खेळाची रचना थोडी समजून घ्यायला हवी. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानावर असतात आणि सामना चार भागांत खेळला जातो. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारून पाठवला तर सहा गुण मिळतात, शेजारच्या आखूड खांबाच्या आतून गेला तर एकच. चेंडू हाताने फेकण्यास मनाई आहे. तो एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यावा लागतो. या खेळात ऑफसाइड नाही, आणि मधल्या फळीतल्या खेळाडूचे सगळे आयुष्य या एका गोष्टीने ठरते, कारण प्रतिस्पर्धी त्याच्या समोरून, पाठीमागून, डावीउजवीकडून, कुठूनही येऊ शकतो. ज्याची नजर एकाच दिशेला लागून राहते, तो इथे टिकत नाही.

(पडद्यावर: मैदानाच्या मधला चौकोन, संथ गतीने)

हे दृश्य नीट पाहा. पंचांनी खेळ सुरू केला आहे, चेंडू हवेत आहे, आणि दोन्ही संघांचे उंच खेळाडू त्याला बोट लावण्यासाठी झेपावले आहेत. त्यांच्याभोवती दोन्ही बाजूंचे तीन-तीन खेळाडू आहेत. बहुतेकांचे डोळे चेंडूवर आहेत. डेकॉस मात्र दोन पावले बाजूला उभा राहून आपल्या उंच साथीदाराच्या मनगटाकडे पाहतो आहे. चेंडू कुठे पडणार हे मनगट वळताक्षणी त्याला कळते, आणि इतर जण चेंडूकडे वळेपर्यंत तो धावतच तिथे पोहोचतो. चेंडू हातात येण्याच्या आधीच त्याची मान वळलेली असते, म्हणजे पुढचा साथीदार कुठे मोकळा आहे हे त्याने हेरलेले असते. मग अंगावर येणाऱ्याला एक हुलकावणी, आणि डाव्या किंवा उजव्या, जो मोकळा असेल त्या पायाने फटका. साधारण १८४ सेंटिमीटर उंचीचा हा खेळाडू धिप्पाड म्हणता येणार नाही, पण गर्दीत त्याला इतरांपेक्षा एखादा क्षण अधिक मिळतो असे पाहणाऱ्याला सतत वाटत राहते.

ही नजर जन्मजात आहे, असे म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे, आणि त्याचे वडील पाहता तसे म्हणण्याचा मोह होणारच. मॅसेडोनियन कुटुंबातले पीटर डेकॉस यांनी कॉलिंगवूडसाठी २५० सामन्यांत ५४९ गोल केले. अशक्य वाटणाऱ्या कोनातून चेंडू वळवत खांबांमध्ये घालणे ही त्यांची ख्याती होती, आणि १९९० च्या विजेतेपदात त्यांचा मोठा वाटा होता. क्लबच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा कोपलँड चषक त्यांनी दोनदा, १९८२ आणि १९८८ मध्ये जिंकला. त्यांचा क्रमांक होता ३५. थोरला मुलगा जॉश २०१६ साली कॉलिंगवूडमध्ये आला आणि त्याने वेगळा क्रमांक घेतला. धाकट्या निकने मात्र ३५ च घेतला.

हा क्लब ज्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये खेळतो, तिथे नवे खेळाडू दरवर्षीच्या निवडीतून क्लबांना वाटले जातात, आणि दुर्बल संघाला आधी निवडण्याची संधी मिळते. त्याला एक अपवाद आहे. वडिलांनी एखाद्या क्लबसाठी किमान शंभर सामने खेळलेले असतील, तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क राहतो; मात्र दुसऱ्या क्लबने त्याच्यावर बोली लावली की आपल्या वाट्याचे निवडीचे क्रमांक देऊन त्या बोलीची किंमत मोजावी लागते. २०२१ च्या निवडीत गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर निकसाठी बोली लावली आणि कॉलिंगवूडने ती किंमत मोजून त्याला घरी आणले. म्हणजे तो वडिलांच्या नावावर आला, तरी फुकट आला नाही. देशातल्या पहिल्या चार तरुण खेळाडूंत त्याची गणना परक्या क्लबनेच केली होती.

त्याआधीची दोन वर्षे मात्र त्याच्या वयाच्या मुलांसाठी फार कठीण होती. व्हिक्टोरियातली अठरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा २०२० मध्ये कोविडमुळे रद्दच झाली आणि २०२१ मध्येही ती मध्येच थांबली. ओकली चार्जर्सकडून खेळणाऱ्या निकच्या वाट्याला मोजकेच सामने आले. ज्या वयात खेळाडूच्या अंगात सामन्यांचा सराव मुरायचा, त्या वयात तो टाळेबंदीतल्या मेलबर्नमध्ये होता. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये सेंट किल्डाविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने २७ वेळा चेंडू साथीदारांपर्यंत पोहोचवला, तेव्हा अनुभवी समालोचकही चकित झाले.

प्रशिक्षक क्रेग मॅक्रे यांचाही क्लबमधला तो पहिला हंगाम होता, आणि आधीच्या वर्षी अठरा संघांत सतरावा आलेला संघ त्यांच्या हाती आला होता. त्यांनी या मुलाला लगेच मधल्या चौकोनात ढकलले नाही. त्याला प्रामुख्याने बचावफळीच्या पुढच्या रांगेत, हाफ-बॅकच्या जागी ठेवण्यात आले. त्याच्या जडणघडणीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो. हाफ-बॅकला उभे राहिले की संपूर्ण मैदान समोर असते, अंगावर येणारी माणसे पुढूनच येतात, आणि चेंडू घेऊन वर येताना कोणती वाट उघडते, कोणती बुजते हे रोज पाहायला मिळते. मधल्या चौकोनातल्या चहूबाजूंच्या रेट्यात जे क्षणार्धात ओळखावे लागते, ते इथे आधी थोडे सावकाश शिकता येते. निकने पुढे मधल्या फळीत जी नजर दाखवली तिचा पाया इथे घातला गेला. त्या वर्षी पदार्पणातील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा रायझिंग स्टार पुरस्कार त्यालाच मिळाला. जुलैमध्ये ॲडलेडला जाऊन त्याने ४० वेळा चेंडू खेळवला आणि तीन गोल केले. तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. कॉलिंगवूडने सलग अकरा सामने जिंकले आणि उपांत्य सामना सिडनीकडून अवघ्या एका गुणाने गमावला.

(पडद्यावर: २५ एप्रिल २०२३, ॲन्झॅक दिनाचा सामना)

दुसऱ्या वर्षी तो हळूहळू मैदानाच्या मध्यभागी सरकला. ॲन्झॅक दिनी युद्धात मरण पावलेल्या सैनिकांना मानवंदना देऊन कॉलिंगवूड आणि एसेंडन यांच्यात जो सामना होतो, त्याला २०२३ मध्ये ९५,१७९ प्रेक्षक होते. शेवटच्या भागाआधी पिछाडीवर असलेल्या कॉलिंगवूडने तो सामना १३ गुणांनी जिंकला आणि सामनावीराचे पदक निकच्या गळ्यात पडले.

पण त्या हंगामातला त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा सामना हा नव्हे. तो ऑगस्टमध्ये हॉथॉर्नविरुद्ध झाला.

या खेळात टॅगर नावाची एक भूमिका असते. टॅगरने स्वतः चमकायचे नसते. प्रतिस्पर्धी संघाच्या एका खेळाडूला सावलीसारखे चिकटून त्याला चेंडूपासून दूर ठेवणे एवढेच त्याचे काम. हॉथॉर्नने फिन मॅगिनिस याला निकवर लावले. योगायोग असा की मॅगिनिसही वडिलांच्याच क्लबमध्ये, त्याच नियमाने आलेला. तो निकच्या कोपरापाशी उभा राहिला, निक वळला की वळला, निक धावू लागला की त्याच्या वाटेत आला. सामन्यागणिक तिसाच्या आसपास चेंडू खेळवणाऱ्या निकला त्या दिवशी फक्त पाच वेळा चेंडू मिळाला. त्यातच गुडघ्याला मार लागला आणि हाडाला बारीक तडा गेल्याचे निष्पन्न झाले. साखळीतले उरलेले तीन सामने आणि बाद फेरीचा पहिला सामना त्याने बाहेर बसून पाहिला.

त्याची किंमत आकड्यांतही दिसते. पंच प्रत्येक साखळी सामन्यानंतर तीन खेळाडूंना अनुक्रमे तीन, दोन आणि एक मत देतात, आणि त्या बेरजेतून हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाचा मानकरी ठरतो. २०२३ मध्ये लॅची नीलला ३१, मार्कस बॉन्टेम्पेलीला २९ आणि निकला २८ मते मिळाली. सामने हुकले तीन, आणि मते कमी पडली तीनच.

तो परतला थेट उपांत्य सामन्यात, जो कॉलिंगवूडने एका गुणाने जिंकला. ३० सप्टेंबरला एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ब्रिस्बेनविरुद्ध अंतिम सामना झाला. ९० विरुद्ध ८६, चार गुणांचा फरक. आठ आठवड्यांपूर्वी गुडघ्याच्या हाडाला तडा गेलेल्या वीस वर्षांच्या मुलाने त्यात २९ वेळा चेंडू खेळवला. त्याच वर्षीचा कोपलँड चषक थोरल्या जॉशला मिळाला आणि पुढच्या वर्षीचा निकला. वडिलांनंतर दोन्ही मुलांची नावे त्या यादीत लागली.

२०२४ पासून तो पूर्णवेळ मधल्या फळीचा खेळाडू झाला आणि प्रत्येक संघ त्याच्यावर एक माणूस लावू लागला. मॅगिनिसने जे केले त्याची सगळ्यांनी उजळणी केली. निकने शोधलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. तो टॅगरशी झटापट करत एका जागी थांबत नाही. त्याला घेऊन लांब पळतो, कधी बचावफळीत मागे जातो, कधी गोलसमोर उभा राहतो, आणि सामन्याच्या शेवटी दमलेला टॅगर एक पाऊल मागे पडला की निसटतो. मे महिन्यात कार्लटनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत धावत येऊन त्याने केलेला विजयी गोल असाच होता. त्या वर्षी ब्राउनलोसाठी त्याला ३८ मते पडली. इतकी मते एखाद्याला बहुतेक वर्षी पदक मिळवून देतील, पण कार्लटनच्याच पॅट्रिक क्रिप्सला ४५ म्हणजे विक्रमी मते मिळाली. २०२५ मध्ये निकला ३२ आणि मॅट रोवेलला ३९. तीन वर्षांत एकदा तिसरा आणि दोनदा दुसरा.

क्रिप्स आणि रोवेल या दोघांकडे पाहिले की निकपुढचे काम स्पष्ट होते. क्रिप्स १९५ सेंटिमीटर उंचीचा, अंगावर दोघे लटकलेले असताना चेंडू बाहेर काढणारा. रोवेल बुटका पण समोरच्याला पकडून जमिनीवर आणण्यात अथक. निकची ताकद गर्दीच्या कडेला आणि गर्दीतून बाहेर पडण्यात आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना त्याला रोखणे, पकडणे, मागे धावणे ही या खेळातली अंगमेहनतीची बाजू आहे, आणि तिथे त्याला अजून वाढायला जागा आहे. गोलसमोरची त्याची उपस्थिती वाढत गेली तर टॅगरला दोन ठिकाणी विचार करावा लागेल. वडिलांकडून आलेला वारसा मला वाटते तिथे पुढच्या काही वर्षांत अधिक दिसेल.

संघाचाही प्रश्न आहे. २०२४ मध्ये कॉलिंगवूड बाद फेरीत पोहोचले नाही, २०२५ मध्ये उपांत्य सामन्यात ब्रिस्बेनकडून हरले, आणि या संघाचे वय झाले आहे हे लपून राहिलेले नाही. स्कॉट पेन्डलबरी १९८८ चा, त्याने २०२४ मध्ये चारशेवा सामना खेळला. घाई न करता, जणू वेळ आपल्याच हातात आहे अशा रीतीने चेंडू खेळवण्याची कला या क्लबमध्ये निकच्या आधी त्याच्याकडे होती. निकला जो मोकळा क्षण मिळतो, त्यातले काही क्षण शेजारी उभ्या असलेल्या पेन्डलबरीने दोन माणसे आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे मिळालेले आहेत.

(पडद्यावर: रिकामे होत चाललेले मैदान, कडेला ३५ क्रमांकाची जर्सी घातलेली लहान मुले)

तो आधार कधीतरी एका हंगामात निघून जाईल. मधल्या चौकोनात तेव्हा निकच्या भोवती त्याच्याहून लहान मुले उभी असतील, चेंडू कुठे पडणार हे त्यालाच त्यांना खुणेने सांगावे लागेल, आणि त्याच्या कोपरापाशी नेहमीप्रमाणे एक टॅगर असेल.