चार महिने चालणारं मशीन

(दृश्य: जुळे सोलापूर. बंगल्यामागची हिरवळ, सप्टेंबरातली सकाळ.)

सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात. मृगाच्या सरींनी हरळी जागी होते, श्रावणात अंग धरते आणि गणपती उठेपर्यंत घोट्याच्या वर येते. घरामागं पाच-सहा गुंठे हिरवळ असलेल्यांना नेमकं तेव्हाच पेट्रोलवरच्या लॉनमोव्हरची आठवण होते. घाईनं दुकान गाठायचं, त्यातल्या त्यात मोठं इंजिन उचलायचं, दिवाळीपर्यंत वापरायचं आणि जिन्याखाली ढकलायचं. पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून हात दुखतात, मशीन मात्र सुरू होत नाही.

म्हणून सोलापुरात मशीन घेताना ते किती जोरात कापतं यापेक्षा पडून राहिल्यावर कसं टिकतं, हे आधी बघायला हवं. इथलं गवत जोमानं वाढतं ते चार-पाच महिने. मग थंडी, आणि त्यामागून चाळिशीपार जाणारा पारा. नळाला पाणी काही दिवसांआड, बोअर आटत आलेलं. हरळी पिवळी पडते, पण मरत नाही, पुढच्या पावसाची वाट बघते. तेवढे सगळे महिने मशीनही वाट बघत असतं.

(दृश्य: टेपने मोजली जाणारी हिरवळ.)

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक-दोन गुंठ्यांच्या हिरवळीला पेट्रोलचं मशीन लागत नाही. हातानं ढकलायचं किंवा विजेवरचं मशीन पुरतं, शेजाऱ्यांची दुपारची झोपही मोडत नाही. वायर पोचत नाही, जागा मोठी आहे, मग पेट्रोलचा विचार करावा.

पेट्रोलच्या मशीनमध्ये दोन घराणी. सिलिंडर मोव्हरमध्ये फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखं गवत कापतात. या मशीनची जन्मकथा सोलापूरकरांना जवळची वाटेल. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर कापड गिरण्यांच्या यंत्रांवर काम करत होता. लोकरी कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे छाटणारं यंत्र त्यानं पाहिलं, आणि हेच गवतावर का चालू नये, असा विचार केला. १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात तो प्रश्न कुणालाही पडू शकला असता.

पण हे घराणं नाजूक. त्याला पार्क स्टेडियमसारखं सपाट मैदान आणि नेमानं कापलेलं गवत लागतं. एक खडा आला तरी पात्याची धार जाते. घरच्या बागेसाठी रोटरीच घ्यावं. त्यात एकच आडवं पातं जोरात फिरतं, वाढलेलं गवतही कापतं, आणि धार कुणीही साधा वेल्डिंगवाला लावून देतो. फक्त दोन्ही टोकं सारख्या वजनाची राहिली पाहिजेत. मधल्या भोकातून पातं खिळ्यावर टांगून बघा. एक बाजू खाली झुकली, तर त्याच बाजूचं लोखंड थोडं आणखी घासायचं. नाहीतर मशीन थरथरतं आणि इंजिनाचा शाफ्ट भोगतो.

पात्याची रुंदी किती? पाच गुंठ्यांवर १८ इंची मशीन फिरवलं तर साधारण अकराशे मीटर चालणं होतं, २१ इंचीला साडेनऊशे. पट्टे थोडे एकमेकांवर येतात ते वेगळंच. दीडशे मीटरच्या फरकासाठी जड मशीन आणि जास्त पैसे, हे काही पटत नाही. आपल्या काळ्या मातीत ओल असताना जड मशीनची चाकं रुततात. पेरूच्या आणि कढीपत्त्याच्या झाडांमधून वळवताना तर १८ इंचीच बरं. स्वतः पुढं सरकणारं मशीन उतारावर कामाचं. आपली अंगणं सपाट, त्यात एक बेल्ट आणि एक दुरुस्ती वाढते.

अनेकजण कृषी अवजारांच्या दुकानातून ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याचं गवत कापायचं यंत्र, आणतात. बांधावरच्या गवताला, गाजर गवताला तो उत्तम. हिरवळीवर मात्र कुठं टक्कल, कुठं झुपका, असं होतं.

(दृश्य: दुचाकीचं गॅरेज. जमिनीवर उघडं कार्बोरेटर.)

आता जूनमधला तो रोग. मेकॅनिक कार्बोरेटरची वाटी सोडवतो. तळाला मधासारखा चिकट, पिवळट थर. जेटच्या केसाएवढ्या भोकात तोच अडकलेला. "अण्णा, इंजिनाला काय बी झालं नाय," तो म्हणतो, "पेट्रोल सडलंय आतलं."

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांमध्येही तयार होतं, उसाला त्यानं भाव मिळतो, ते चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. म्हणून विकत घेण्याआधी पुस्तिका मागून ते पान वाचा. २० टक्के चालेल असं लिहिलेलं मशीन मिळालं, तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी तेच घ्या. आणि कोणतंही असो, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत टाकी रिकामी झालेली हवी. उरलेलं पेट्रोल काढायचं, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटीही कोरडी होते. एअर फिल्टरही तेव्हाच झटका. इथली धूळ त्यात लवकर बसते.

(दृश्य: हँडलवरचा दांडा दाबणारा हात.)

हँडलवरचा दांडा सोडला की पातं थांबलंच पाहिजे. अमेरिकेत १९८२ पासून तीन सेकंदांत पातं थांबण्याचा नियम आहे. दुकानात मशीन सुरू करायला लावा, दांडा सोडा आणि स्वतः मोजा. तो दांडा दोरीनं बांधून ठेवणारे लोक दिसतात. कृपा करून तसं करू नका, घरात लहान मुलं असतात. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची, यात सूट नाही.

कापण्याची उंची बदलणारी कळही तपासा. चारही चाकं एका कळीनं वर-खाली होत असतील तर ती रोज वापरली जाते, चार वेगळ्या असतील तर कुणी हात लावत नाही. हरळीचा एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग कापू नये. नऊ सेंटिमीटर वाढलं असेल तर आज सहावर थांबा, उरलेलं दोन-तीन दिवसांनी.

आणि नवं फोर स्ट्रोक मशीन बहुतेक वेळा ऑइलशिवाय खोक्यात येतं. घरी आणल्यावर आधी डिपस्टिक बघा, पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल खुणेपर्यंत भरा, मगच दोरीला हात घाला.