नाट्यगृहाचा आराखडा तालमीत मांडा

श्रोतेहो, नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. आग बघायला धावलेली माणसं रस्त्यात उभी राहून रडत होती, आणि सकाळ होताच सगळ्या शहराच्या तोंडी एकच मागणी आली: जसं होतं, तसंच बांधा.

ही मागणी रास्त आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ही वास्तू उभी केली, तीही खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागून. तिचा दगडी चेहरा बदलावा, असं कोणालाच वाटत नाही. पण त्या चेहऱ्याच्या आत काय असावं, हे कोण ठरवणार? रंगपट कुठे, बायकांना कपडे बदलायला जागा किती, नेपथ्याचा ट्रक कोणत्या दाराला लागणार, चाकाच्या खुर्चीवरचा प्रेक्षक आत कसा जाणार? ही उत्तरं वास्तुविशारदाइतकीच पडदा ओढणाऱ्याकडे आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी वर्गणी काढून नाटक बसवणाऱ्या हौशी संस्थांकडे असतात. भाडं किती आणि तारखा कोणाला, हे तर मला इमारतीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. हौशी मंडळींना परवडणार नसेल, तर सुंदर नाट्यगृह लग्नाचा हॉल व्हायला वेळ लागत नाही.

नाट्यगृह महापालिकेचं, म्हणजे आपलं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आहे. रस्ते, पाणी यांच्याबरोबर सांस्कृतिक बाबींना प्रोत्साहन देणं हाही त्यातला एक विषय. पण महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे अनेक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. ज्यांना गल्लीत गाठून विचारावं, असे नगरसेवकच त्या काळात नव्हते.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, मग त्याची छाननी होते. सूचना बहुतेक पदपथांच्या आणि दिव्यांच्या येतात. एखादा वॉर्ड नाटकाच्या सरावाची जागा किंवा छोटा रंगमंच का मागू शकणार नाही?

कोल्हापूरला तर बैठकीची जागाही शोधायला नको. पेठापेठांत तालमी, म्हणजे जुने आखाडे आणि त्यांची मंडळं, आहेत. गणपती, फुटबॉल, मर्दानी खेळ, शाहिरी, सगळं तिथूनच चालतं आणि भांडणंही तिथेच मिटतात. महापालिकेनं आराखडा घेऊन तालमींत यावं, नकाशा भिंतीला लावावा आणि साध्या मराठीत समजावून सांगावा. बैठक संध्याकाळी ठेवावी, म्हणजे कामावरून परतलेल्यांना आणि बायकांनाही येता येईल. कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे महिन्याभरात त्याच भिंतीवर लागावं.

तुमच्या भागातला नगरसेवक भेटला की गटाराच्या तक्रारीबरोबर हेही विचारा: आमच्या तालमीत बैठक कधी घेताय?