गिरणी बदलली म्हणून तिचं संरक्षण काढायचं का?

नमस्कार मंडळी. जुन्या कारखान्याच्या इमारतीत खूप बदल झालेत, आता ती हेरिटेज यादीतून काढा, असा अर्ज येतो तेव्हा आपण नेमकं काय बघायचं, एवढंच आज बोलायचंय. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते आणि मी आर्किटेक्ट होऊन अशाच इमारती मोजत आलोय, त्यामुळे मी तटस्थ आहे असं काही म्हणणार नाही.

अर्जातला मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. छप्पर बदललं, खिडक्या गेल्या, मधे पोटमाळे घातले, मशिनरी भंगारात गेली, मग मूळचं उरलंय काय? ऐकताना पटतंसुद्धा. पण अहो, गिरणी म्हणजे वाडा नाही. ती पहिल्या दिवसापासून बदलत आलीय, आधी वाफेचं इंजिन, त्याच्यावर फिरणारा लांबच लांब शाफ्ट आणि त्यावरनं खाली साच्यांना जाणारे पट्टे, मग वीज आली, साच्यांना मोटरी लागल्या, शाफ्ट उतरवले, बॉयलर थंड पडला. आता हे सगळं नुकसानीच्या खात्यात कसं टाकायचं? तोच तर त्या इमारतीचा इतिहास आहे.

परळ भागातली एक शेड मी मोजली होती, नाव घेत नाही. कागदावर लिहिलेलं, 'मूळ छप्पर नष्ट'. आत जाऊन वर बघितलं तर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर जागेवर, फक्त उत्तरेकडच्या काचा काढून तिथे पत्रे ठोकलेले. त्या काचा उत्तरेलाच का असतात, तर तिकडून ऊन जवळपास येतच नाही, उजेड मात्र दिवसभर एकसारखा मिळतो आणि तुटलेला धागा विणकराला लगेच दिसतो. ओतीव लोखंडाच्या खांबांवर, डोक्याच्या वर हातभर, शाफ्टचा ब्रॅकेट बसवायची सपाट जागा आणि तिला चार भोकं, रंगाच्या थरांखाली बुजलेली, ओळीतल्या एकूण एक खांबाला. दुसऱ्या खेपेला मी वडिलांना घेऊन गेलो. ते काही न बोलता सरळ चालत गेले, एका खांबापाशी थांबले आणि तेल मुरून काळ्या पडलेल्या फरशीवर पाय ठेवून म्हणाले, "हे माझे साचे." आता सांगा, त्या शेडमधे काहीच उरलं नव्हतं?

इंग्लंडमधे याचा कायदा बराच स्पष्ट आहे, १९९० चा. यादीतनं नाव काढायचं तर त्या इमारतीचं वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्व खरंच संपलंय हे दाखवावं लागतं, ती पडीक आहे, दुरुस्ती महाग पडते, मालकाला टॉवर बांधायचाय, ही कारणं तिथे चालत नाहीत. लिव्हरपूलचंच बघा, आपल्याला ते काही परकं नाही, अमेरिकेतल्या यादवीत १८६१ ते १८६५ मुंबईचा कापूस जहाजं भरभरून तिकडे जायचा. तिथला १८४६ चा आल्बर्ट डॉक १९७२ ला बंद पडला, गाळाने भरला, पुढे त्याच गोदामांत दुकानं, घरं, कलादालन आलं. एवढे बदल होऊनही तो आज ग्रेड वन, म्हणजे यादीतल्या सगळ्यात वरच्या दर्जाचा आहे, कारण विटा, खांब आणि पाण्याकाठचं ते काम अजून वाचता येतं. आणि त्याच शहराचा जागतिक वारसा दर्जा युनेस्कोने २०२१ मधे काढून घेतला, आजूबाजूच्या नव्या बांधकामांमुळे आणि १८४८ चा ब्रॅमली-मूर डॉक बुजवून त्यावर स्टेडियम येणार म्हणून. तरी देशाच्या यादीतल्या इमारतींचं कायदेशीर संरक्षण त्यामुळे गेलं नाही. मान वेगळा आणि कायदा वेगळा, आपल्याकडे या दोन्हींची फार गल्लत होते.

आपल्याकडे मुंबईत हेरिटेज नियमावली १९९५ ला आली, देशात पहिली, पण गिरण्यांच्या बाबतीत पैशाचं गणित उलटं चालत होतं. १९९१ च्या नियमात गिरणीच्या सगळ्या जमिनीचे तीन वाटे होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मधे तो बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली, शेड पाडून निघालेली जमीन त्यातून सुटली. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. म्हणजे शेड जितकी पडेल तितका फायदा, आणि मधे अडसर कुठला असलाच तर यादीतल्या त्या एका नोंदीचा. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, बदल केले कोणी आणि कधी? काम चालू असताना कामासाठी केलेला बदल वेगळा आणि गिरणी बंद पडल्यावर काचा काढून पाऊस आत येऊ देणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला संरक्षण काढून बक्षीस द्यायचं नाही, यावर मी ठाम आहे.

सगळंच वाचवा असंही मी म्हणत नाही. काही ठिकाणी शेडा गेल्या, इंजिनघर गेलं आणि टॉवरच्या पार्किंगमधे एकटी चिमणी उभी राहिली, बॉयलर कुठे होता ते कोणाला सांगता येत नाही. तिथे पूर्ण गिरणी म्हणून असलेली नोंद मागे घ्यावी, कारण जे नाही ते आहे असं यादीने सांगू नये. पण त्याआधी मोजमापाचे नकाशे, फोटो आणि तिथे काम केलेल्यांचं बोलणं नोंदवून घ्यायलाच हवं.

यादीत फेरबदल करताना हरकती-सूचना मागवतात, ती नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते. तुमच्या घरात कोणी त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत, किंवा साच्यावर काम केलेलं असेल तर त्यांना विचारून एका कागदावर साधा नकाशा काढा, दरवाजा कुठे, कुठलं खातं कुठे, भोंगा कुठे होता, आणि हरकतीला जोडा. ही माहिती माझ्यासारख्या आर्किटेक्टकडे नसते, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीला आलीयत, त्यामुळे हे आजच घरी जाऊन करा.