सोळा पायऱ्यांचा घाट

मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरावर, आप्रवासी घाटाला, काळ्या दगडाच्या १६ पायऱ्या आहेत. भारतातून आलेला मजूर बोटीतून उतरून त्या चढायचा आणि वर कारकुनासमोर उभा राहायचा. नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. शेवटी एक नंबर. मळ्यावर पगार असो की तक्रार, आधी तो नंबर सांगायचा.

मॉरिशसमध्ये मूळचं असं कुणी नाहीच. १६३८ला डच वसले, १७१०ला निघून गेले. मागोमाग फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१०मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १८३५मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस मात्र तोडायचाच होता. २ नोव्हेंबर १८३४ला कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाज ३६ मजूर घेऊन इथे पोहोचलं. पुढे १९१०पर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय आले. गुलामांऐवजी करारावरचे मजूर आणण्याला इंग्रजांनी ‘महान प्रयोग’ म्हटलं. म्हणोत बापडे! करार ५ वर्षांचा, पगार महिना ५ रुपये आणि वर शिधा. एका दिवसाचा खाडा झाला, की दोन दिवसांचा पगार कापला जायचा.

मुंबईहूनही जहाजं सुटली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं होती. भरतीला गावात येणारा कधीकधी ओळखीतलाच निघायचा: मॉरिशसला जाऊन आलेला ‘सरदार’, म्हणजे मळ्यावरचा मुकादम. आपलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

१८५०च्या दशकात परतीच्या फुकट प्रवासाचा हक्कही गेला. पुढे साखरेचे भाव कोसळले, तशा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. मजुरांनी त्या हप्त्याहप्त्याने घेतल्या. माणसं इथली झाली ती तेव्हा, घाटावर उतरली तेव्हा नव्हे.

आज मराठी घरांतही रोजचं बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत चालतं. पण गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथेही नाचतात.

हा आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे. जुन्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवल्या आहेत. पणजोबांचं गाव शोधत लोक तिथे येतात. नोंद सापडली, तरी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलेलं गाव आजच्या कोकणच्या नकाशावर हुडकायचं काम उरतंच.