खडे हलवायचे नाहीत

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण बुद्धिबळ खेळणारे आहेत. 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात' अशी कोडी तुम्ही शेकड्यांनी सोडवली असतील. गो या खेळातल्या तशा कोड्यांना जपानी माणूस 'त्सुमेगो' म्हणतो. मात्र तिथे राजा नाही, म्हणून मातही नाही. वेढ्यात सापडलेले हे खडे जगणार की मरणार, एवढाच प्रश्न. आपण जगण्या-मरण्याचा प्रश्न म्हणतो. चिनी भाषेत या विषयाचं नाव 'मरण-जगणं' असं आहे, मरण आधी. मला त्यांचा क्रम पटतो. खडे मरतात कसे हे नीट कळल्याशिवाय ते जगवता येत नाहीत.

नियम पटकन सांगतो. पटावर उभ्या 19 रेषा, आडव्या 19, म्हणजे 361 छेद. एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे, आळीपाळीने ठेवायचे. खडा छेदावर ठेवायचा, आणि एकदा ठेवला की तो हलत नाही. त्याला लागून असलेले मोकळे छेद म्हणजे त्याचा श्वास. चिनी खेळाडू त्याला 'ची' म्हणतात, म्हणजे हवाच. मधल्या एकट्या खड्याला 4 श्वास, कडेच्या खड्याला 3, कोपऱ्यातल्याला 2. एकमेकांना चिकटलेल्या खड्यांचे श्वास सामाईक. सगळे श्वास बुजले की खडे उचलले जातात. आणि समोरच्याचं काही उचललं जात नसेल, तर श्वास नसलेल्या जागी खडा ठेवून आत्महत्या करता येत नाही. त्यामुळे वेढलेल्या खड्यांच्या पोटात दोन वेगवेगळी मोकळी घरं, म्हणजे रिकामे छेद, राहिली, तर शत्रूला दोन्हींपैकी कुठेच शिरता येत नाही. या घरांना 'डोळे' म्हणतात. दोन डोळे असले की समूह जिवंत.

आता फळ्याकडे बघा. काळ्याच्या पोटात एका ओळीत तीन घरं आहेत. काळ्याची पाळी असेल तर तो मधल्या घरात बसेल, दोन्हीकडे एकेक डोळा, काम झालं. पांढऱ्याची पाळी असेल तर? तोही मधल्याच घरात बसेल, आणि काळा मेला. शत्रूची मोक्याची जागा तीच आपली. ओळीत चार घरं असली तर काळ्याने काहीही न करता तो जिवंत आहे: मधल्या दोनपैकी एक पांढऱ्याने घेतलं, तर दुसरं काळा घेतो. पण तीच चार घरं चौकोनात, दोनावर दोन अशी मांडा. काळा आधी खेळला तरी मेलेला! एक घर त्याने स्वतः भरलं की उरतात वाकडी तीन, आणि त्यांच्या कोपऱ्यातल्या घरात पांढरा बसतो. घरं तेवढीच, आकार बदलला.

हे आकार पाठ करावे लागतात, पाढ्यांसारखे. कडेपासून दुसऱ्या रेषेवर ओळीने पसरलेल्या खड्यांसाठी जुनी म्हण आहे: सहा मरतात, आठ जगतात. सात असतील तर ज्याची पाळी त्याचं.

पाढे आले म्हणून गणित येत नाही. नवशिक्याला कोडं दिलं की काय होतं, ते मी स्वतःवरून सांगतो. एक छान चाल दिसते. समोरचा काय खेळेल? आपल्याला सोयीचं असेल तेच! दोन-तीन चालींत सगळं सुटतं, मागचं पान उघडावं तर उत्तर भलतंच. मी कित्येक महिने असाच समोरच्याला मूर्ख धरून कोडी सोडवत होतो. मग एका जुन्या खेळाडूने सवय लावली: चाल सुचली की खुर्ची बदलायची. मनातल्या मनात पलीकडे जाऊन बसायचं, आणि आपलीच चाल मोडायला बघायचं, अगदी वैऱ्यासारखं. मोडली तर दुसरी चाल. सगळ्या बाजूंनी ठोकूनही मोडली नाही, तरच ते उत्तर. आणि हे सगळं खड्याला हात न लावता. हात लावला की डोळे काम करतात आणि डोकं सुट्टीवर जातं.

डोक्याची खरी परीक्षा 'खड्यांच्या खाली' या डावात होते. मी मुद्दाम चार खडे चौकोनात देऊन टाकतो. समोरचा ते उचलतो. आणि रिकाम्या झालेल्या त्याच जागेत मी परत खडा ठेवून त्याचे खडे एकमेकांपासून तोडतो. पटावर हे लगेच दिसतं. मनात दिसत नाही, कारण कल्पनेतले खडे उचलले तरी त्यांची सावली राहते. ती जागा भरलेलीच वाटते. मला अजूनही वाटते.

इनोऊए हे जपानमधलं गोचं एक मोठं घराणं. त्याचे प्रमुख दोसेत्सु इन्सेकी यांनी 1713 साली अशा कोड्यांचा संग्रह केला, 'इगो हात्सुयोरोन'. आपल्याकडे घराण्याची चीज बाहेर जाऊ देत नसत, तसा हाही घरातल्या शिष्यांसाठी जपून ठेवलेला. त्यातलं 120 क्रमांकाचं कोडं अख्ख्या पटावर पसरलेलं आहे आणि जगातलं सगळ्यात अवघड म्हणून ओळखलं जातं. कर्त्याचं मूळ उत्तर हरवलं. 2019 साली 'काता-गो' या गो खेळणाऱ्या संगणक-कार्यक्रमाला खास या एका कोड्याचा सराव दिला गेला आणि त्याने काही नव्या चाली पुढे आणल्या. तीनशे वर्षांपूर्वी हे रचणाऱ्याने ते कसं पेललं असेल, याचं मला यंत्रापेक्षा जास्त नवल वाटतं.

असो, चहा आलाय. जाता जाता फळ्यावर एक मांडून ठेवतो. काळ्याच्या पोटात पाच घरं: चौकोनातली चार, आणि त्यांपैकी एकाला बाहेरून चिकटलेलं पाचवं. पाळी पांढऱ्याची. काळ्याला मारायचंय. चहा होईपर्यंत बघा, पण फळ्याला हात लावू नका. आणि पहिली चाल सापडली म्हणून लगेच माझ्याकडे येऊ नका. आधी काळ्याच्या खुर्चीत बसून या.