एसएसएच चालू केलंत, पण टेलनेट बंद केलंत का?

नमस्कार मंडळी. आधी स्क्रीनवर बघा. हे वायरशार्क, नेटवर्कवरून जाणारा डेटा पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. मगाशी मी या सिस्को स्विचवर टेलनेटने, म्हणजे लांबून आत शिरायच्या जुन्या पद्धतीने, लॉगिन केलं, ते सगळं इथे पकडलंय. 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' दाबतो. युजरनेम वाचा. ए ए, डी डी, एम एम... प्रत्येक अक्षर दोनदा, कारण आपण टाइप केलेलं अक्षर स्विच परत पाठवतो. पासवर्ड परत पाठवत नाही, म्हणून तो एकदाच दिसतोय. पण दिसतोय, जसाच्या तसा.

1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरीला गेले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी टेलनेटचंच काम, पण सगळं एन्क्रिप्ट करून करणारं एसएसएच लिहिलं. एफटीपीचं पोर्ट 21, टेलनेटचं 23. मधलं 22 मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं.

आता कामाला लागू. कन्सोल केबल लावा, पुट्टी या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये स्पीड 9600. मॅनेजमेंट व्हीलॅनला (स्विच सांभाळण्यासाठीचं वेगळं नेटवर्क) आयपी आणि डिफॉल्ट गेटवे दिलेला आहे असं धरतो. होस्टनेम बदला, डोमेन नेम द्या. या दोन्हींशिवाय एन्क्रिप्शनची की, म्हणजे किल्ली, बनत नाही. मग 'क्रिप्टो की जनरेट आरएसए'. किती बिटची, ते विचारेल. इथे घाईत नुसतं एंटर मारू नका! जुन्या आयओएसवर (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) 512 बिटची की बनते आणि एसएसएच व्हर्जन 2 ला किमान 768 लागतात. 2048 टाका. पुढे 'आयपी एसएसएच व्हर्जन 2', आणि युजर बनवताना 'पासवर्ड' नाही, 'सीक्रेट' लिहा.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. 'शो रन' मारून चालू कॉन्फिगच्या अगदी खाली या. 'लाइन व्हीटीवाय 0 4' आणि त्याखाली 'लाइन व्हीटीवाय 5 15', असे दोन तुकडे दिसतील. या व्हीटीवाय लाइन म्हणजे लांबून लॉगिन करायच्या वाटा. बहुतेक जण पहिल्या पाच लाइनवर 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' लावतात आणि उरलेल्या अकरा तशाच सोडतात. पुढचा दरवाजा बंद, मागचा उघडा. म्हणून सरळ 'लाइन व्हीटीवाय 0 15' लिहा, आणि 'लॉगिन लोकल', 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच', 'एक्झेक टाइमआउट 5' एकदमच द्या.

तिथेच अ‍ॅक्सेस क्लासही (परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) लावा, म्हणजे फक्त आयटीच्या सबनेटमधूनच आत येता येईल. एका लांबच्या शाखेत हे करताना मी माझंच सबनेट यादीत घालायला विसरलो. चालू सेशन तुटलं नाही, कारण ही यादी फक्त नव्या कनेक्शनला लागते. मी निश्चिंत होऊन सेव्ह केलं, खिडकी बंद केली. परत आत जाता येईना. केबल घेऊन दोन तासांचा प्रवास करावा लागला. तेव्हापासून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झाल्याशिवाय मी पहिली बंद करत नाही.

आयपी किंवा व्हीलॅन लांबून बदलताना आधी 'रीलोड इन 10' मारा. बदल करण्याआधी सेव्ह करून ठेवा, नंतर लगेच नको. अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर उठेल. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', विसरू नका.

एसएनएमपी, म्हणजे स्विचवर लांबून नजर ठेवायचा प्रोटोकॉल, वापरत असाल तर व्हर्जन 3 घ्या, ऑथ (ओळख तपासणी) आणि प्रिव्ह (एन्क्रिप्शन) दोन्हींसकट. व्हर्जन 2सी ची कम्युनिटी स्ट्रिंगही (तिचा पासवर्डच म्हणा) त्या टेलनेटसारखीच उघडी जाते. वेब पेज वापरत नसाल तर 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर', आणि सिक्युअर सर्व्हरही बंद.

आता दुसऱ्या खिडकीतून एसएसएच... आलो आत. त्याच खिडकीतून टेलनेट मारतो... 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. हेच हवं होतं. आता 'राइट मेमरी', म्हणजे सेव्ह.