लिनियरचा स्क्रू काढण्याआधी

नमस्कार मंडळी. आपल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या पत्रिकेत विषय "अँप्लिफायर आणि अँटेना" असा छापलाय, माझं मत विचाराल तर क्रम उलटा पाहिजे, आधी अँटेना. होतं काय, कुणीतरी बँडवर म्हणतं, ओएम (म्हणजे मित्रा) आज तुमचा सिग्नल पडलाय, की आपण लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन लिनियर, म्हणजे सिग्नलची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, उघडायला बसतो. त्याचं कारण टेक्निकल वगैरे काही नाही हो, लिनियर समोर टेबलावर आहे आणि अँटेना चार मजले वर टाकीशेजारी उन्हात आहे, एवढंच.

तर पहिलं काम म्हणजे स्टेशनचे दोन भाग करायचे, त्यासाठी डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर. विकतच घ्यायला पाहिजे असं नाही, १ किलोओहमचे २ वॅटवाले मेटल ऑक्साइड रेझिस्टर २० नग पॅरलल जोडले की झाले ५० ओहम, ४० वॅट. लॅमिंग्टन रोडला मिळतात, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, फक्त वायरवाउंड घेऊ नका, त्यात इंडक्टन्स असतो. मग अँटेनाची केबल काढायची, तिथे डमी लोड लावायचा आणि कमी पॉवरवर, थोडा थोडा वेळ ट्रान्समिट करून बघायचं. सगळं नीट चाललं तर लिनियर सुटला, वर चला. तिथेही गडबड असेल तर लिनियर बाजूला काढून रिग, म्हणजे मूळ रेडिओ सेट, सरळ डमी लोडवर, आणि मधली ती वीतभराची जंपर केबल, ती आधी बदलून बघा, तिच्यावर कधी कुणाचा संशय जात नाही.

आता एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, एक म्हणजे काहीच परत नाही. "माझा एसडब्ल्यूआर दीड आहे, म्हणजे अँटेना ओके" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. अहो, डमी लोडचा एसडब्ल्यूआर एक असतो, त्याच्यावर कुठे डीएक्स, म्हणजे लांबच्या स्टेशनशी बोलणं, होतं? मीटर बसलाय खाली शॅकमध्ये, म्हणजे आपल्या रेडिओच्या खोलीत, आणि त्याला वरचं दिसतं ते केबलमधून गाळून आलेलं. एक हिशोब करा, केबलमध्ये एका दिशेला ३ डीबी लॉस आहे समजा. खालून १०० वॅट सोडले, वर पोचले ५०. आणि वर अँटेनाच नाही, तुटून पडलीय, तर ते ५० तसेच परत फिरले आणि खाली येईपर्यंत झाले २५. मीटर म्हणतो ३. अँटेना जागेवर नाही आणि मीटर म्हणतो ३! लॉस ५ डीबी असेल तर परत येतात १० वॅट आणि मीटर दाखवतो जवळजवळ २. आणि ५ डीबी म्हणजे काही फार नाही, दोन मीटर तरंगलांबीच्या बँडवर ३० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल टाकली की तेवढा सहज जातो. म्हणून लक्षात ठेवा, काही न करता एसडब्ल्यूआर सुधारला, आधी जो बँडच्या टोकाला वाढायचा तो आता सगळीकडे सपाट येतोय, तर पेढे वाटू नका, केबल तपासा.

आणि केबल आपल्याकडे मरते ती पावसाळ्यात. पीएल-२५९ हा कनेक्टर वॉटरप्रूफ नाही, कधीच नव्हता, त्याच्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली की मे महिन्याच्या उन्हात तिचा चिकटा वितळतो आणि जूनमध्ये पाणी आत. एकदा शिरलं की तिथेच थांबत नाही, समईची वात तेल ओढते तशी ती तांब्याची जाळी पाणी ओढत नेते. वरचं आवरण चार बोटं सोलून बघा, जाळी काळी किंवा हिरवी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं, आणि नाहीच लागलं तर केबल भंगारात, जीव अडकवू नका. नवीन जॉइंटला सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी), ती ताणून, खालून वर गुंडाळायची म्हणजे पाणी ओघळून जातं, तिच्यावर काळी टेप ऊन लागू नये म्हणून, आणि केबल घरात शिरते त्याआधी खाली एक झोळ सोडायचा.

मल्टिमीटर सगळ्यांकडे असतोच. केबल दोन्हीकडून मोकळी करून आतली तार आणि जाळी यांच्यात रीडिंग घ्या, काहीच यायला नको, चार-दोन मेगओहम आले तरी ओल आहे समजा. मग लांबचं टोक शॉर्ट करून परत घ्या, एक-दोन ओहमच्या वर गेलं तर कुठेतरी सोल्डर सुटलंय, बहुतेक जाळीचंच. बालन, म्हणजे केबल आणि अँटेना यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर, लावलेला ठेवून मोजाल तर काही बालन डीसीला शॉर्टच दाखवतात, उगाच घाबराल.

दुसरा एक त्रास असा की डमी लोडवर सगळं मस्त, अँटेनावर एसडब्ल्यूआर पण बरा, पण लिनियर चालू केला की ऑडिओ गुळण्या केल्यासारखा, एफटी-८ हा कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड करताना लॅपटॉपचा यूएसबी सुटतो, माइकला ओठ लागला की झिणझिण्या. हा लिनियरचा दोष नाही. कोॲक्सच्या, म्हणजे आपल्या त्या जाळीवाल्या केबलच्या, जाळीच्या बाहेरच्या बाजूने आरएफ, म्हणजे रेडिओची पॉवर, खाली शॅकमध्ये येतंय. फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जिथे जोडते तिथे, ते अडवणारा चोक घाला, ४० मीटर बँडसाठी ३१ नंबर मिक्सच्या मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा वेढे, आणि केबल शक्यतो डायपोलला काटकोनात खाली उतरवा.

आता लिनियर. रिसिव्ह मधेच बारीक होतं आणि डब्यावर टिचकी मारली की परत येतं, तर तो रिले, म्हणजे ट्रान्समिट-रिसिव्ह बदलणारा स्विच, त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. कोकणातल्या आमच्या एका मित्राने यासाठी अख्खी अँटेना उतरवायला काढली होती, खाऱ्या हवेनं रिलेचे कॉन्टॅक्ट खाल्ले होते. पॉवर कमी येत असेल तर ट्रान्समिट चालू असताना व्होल्टेज रिगच्या मागच्या सॉकेटवर मोजा, सप्लायवर नाही. २० अँपिअर आणि वायरमध्ये नुसता ०.१ ओहम, म्हणजे १३.८ मधले २ व्होल्ट रस्त्यातच गेले.

आपल्याकडे अश्हर फरहान यांच्या बिटएक्स या घरी बनवायच्या रेडिओमुळे घरोघरी आयआरएफ-५१० हे ट्रान्झिस्टर आलं. स्वस्त आणि मस्त, पण त्याचा पत्रा म्हणजेच ड्रेन, सप्लाय येतो ते टोक, हीटसिंकखालचा अभ्रक फाटला की सप्लाय शॉर्ट. उडालं की ड्रेन आणि गेट पण जुळतात, १२ व्होल्ट बायस लाइनवर, म्हणजे गेटला व्होल्टेज देणाऱ्या लाइनवर, उलटे जातात आणि पुढचे भाग घेऊन जातात. म्हणून नवीन घालण्याआधी बायस तपासा, ट्रिमपॉट शून्यावर आणा आणि करंट लिमिटवाल्या सप्लायवर सुरू करा.

ट्यूबवाल्यांना वेगळं सांगतो आणि हे मात्र गंमतीत घेऊ नका. आत दोन-तीन हजार व्होल्ट असतात, प्लग काढल्यावर सुद्धा, कारण कॅपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर जळालेला असला तर कॅपॅसिटर भरलेलेच राहतात. प्लग काढा, थांबा, मीटरवर एचव्ही (हाय व्होल्टेज) पडताना बघा, मग लांब काठीला लावलेल्या रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, आणि एक हात खिशात. घरात एकटे असाल तर झाकण उघडूच नका.

ज्यांनी शंका असलेल्या केबल आणल्यात त्यांनी डावीकडच्या टेबलावर या, नॅनोव्हीएनए हा केबल-अँटेना मोजणारा छोटा मीटर कॅलिब्रेट करून ठेवलाय. साधी कोॲक्स असेल तर व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला सिग्नलचा वेग, प्रकाशाच्या वेगाच्या किती पट) ०.६६ टाकू आणि दोष किती मीटरवर आहे ते बघू.